पांढरीखालची माणसं

नरसिंहपूरच्या घाटावर उभं राहिलं की दोन नद्या एकदम दिसतात. एकीकडून नीरा येते, दुसरीकडून भीमा. तुमच्याकडे पुणे जिल्ह्याचा नकाशा असेल तर काढा. इंदापूर तालुका पूर्वेकडे निमुळता होत गेलेला दिसेल, पक्ष्याच्या चोचीसारखा. त्या चोचीच्या अगदी टोकावर आहे नरसिंहपूर. लोक त्याला नीरा-नरसिंहपूर म्हणतात. इथे पुणे जिल्हा संपतो आणि पाण्यापलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या भाचरांना घेऊन तिथे गेलो होतो. भाची सातवीत आहे, तिला सगळे ताईच म्हणतात. भाचा चौथीत, तो छोटू. लक्ष्मी-नृसिंहाचं दर्शन झालं. इथली मूर्ती भक्त प्रल्हादाने वाळूची केली, अशी लोकांची श्रद्धा आहे. देवळाच्या पायऱ्या उतरून आम्ही संगमावर आलो. छोटूने पाण्यात पाय सोडले आणि नेहमीप्रमाणे प्रश्न टाकला, "मामा, हे पाणी कुठून येतं?"

प्रश्न साधाच होता. पण त्याचं उत्तर देता देता आम्ही तीन हजार वर्षं मागे गेलो. कसे, ते आता तुम्हांला सांगतो.

मी वाळूवर काठीने रेघा ओढल्या. "ही भीमा. भीमाशंकरला निघते. वाटेत तिला मुळामुठा मिळते, मग घोड नदी मिळते. पुढे उजनीच्या धरणात ती थांबते आणि तिथून इथे येते. आणि ही नीरा. ती भोरकडच्या डोंगरातून येते. वाटेत तिला पुरंदरकडची कऱ्हा मिळते. म्हणजे या संगमावर घोड नदीचंही पाणी आहे आणि कऱ्हेचंही."

"मग?" छोटू म्हणाला.

"मग असं, की घोडच्या काठी इनामगाव आहे आणि कऱ्हेच्या काठी सोनगाव. दोन्ही ठिकाणी तीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहत होते. ते सगळे निघून गेले. पण त्यांच्यातली काही माणसं अजून तिथेच होती."

छोटूने पाय पाण्यातून वर घेतले. "म्हणजे भुतं?"

"भुतं नाहीत रे. त्यांच्या आईवडिलांनी, मुलांनी त्यांना जमिनीखाली नीट जपून ठेवलं होतं."

आता ताईचेही कान टवकारले. मग आम्ही ठरवलं, की परत जाताना बारामतीच्या वाटेने जायचं आणि सोनगाव बघायचं.

काळी आणि पांढरी

वाटेत एका गावाच्या फाट्यावर चहाला थांबलो. टपरीच्या बाकावर एक म्हातारे बाबा बसले होते. डोक्याला पटका, हातात काठी. त्यांनी विचारलं, "कुठलं पाव्हणं?" मी सांगितलं, पुण्याहून आलोय आणि मुलांना जुनी पांढर दाखवायला निघालोय. बाबा हसले. "पांढर? आता कुठली राह्यलीय पांढर!"

मित्रांनो, पांढर म्हणजे काय, हे खेड्यातल्या मुलांना ठाऊक असेल. शहरातल्या मुलांसाठी सांगतो. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. पिकं येतात ती काळी आणि घरं असतात ती पांढरी. आपल्या पूर्वजांनी हा भेद नुसत्या डोळ्यांनी ओळखला होता आणि तो अगदी बरोबर आहे. एका जागी माणसं शेकडो वर्षं राहिली की काय होतं बघा. मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात. रोज चुलीतली राख बाहेर टाकली जाते. शेण, कोंडा, हाडकं, फुटकी मडकी साठत जातात. असं होता होता जमीन हळूहळू वर चढते आणि राखेमुळे भुरकट पांढरी दिसू लागते. पुढे गाव उठतं, माणसं दुसरीकडे जातात आणि मागे राहते एक बुटकी टेकडी. बाहेरून पाहिलं तर नुसता मातीचा ढीग! पण आत थरावर थर असतात. खालचा थर जुना, वरचा नवा.

या पांढऱ्या मातीचा एक गुण शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ती खतासारखी उपयोगी पडते.

बाबा तेच सांगू लागले. "आमच्या लहानपणी बैलगाड्या भरभरून पांढर न्यायची आन् शेतात टाकायची. कणसं अशी यायची!" त्यांनी मनगटाएवढा हात करून दाखवला. "खणताना काय काय निघायचं. मणी निघायचे, पाटे-वरवंटे निघायचे. एकदा दोन मडकी निघाली. आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. आम्ही पोरं नाचायलाच लागलो. म्हटलं, आत सोनं आसंल. फोडली."

"मग? सोनं होतं?" छोटूने विचारलं.

"कशाचं सोनं! माती व्हती. आन् बारीक बारीक हाडं, चिमणीच्या हाडांवाणी." बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. जरा वेळाने म्हणाले, "माझी आई तवा तिथंच व्हती. ती म्हणाली, मेल्यांनो, कुणाचं तरी लेकरू आसंल ते. पर तवर फुटलं व्हतं सारं."

कोणीच काही बोललं नाही. बाबांच्या आईने एका क्षणात जे ओळखलं, ते अगदी खरं होतं.

दोन मडक्यांचा पाळणा

सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते. हा दुसरा संगम. नरसिंहपूरच्या मानाने शांत. १९६५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथे ताम्रपाषाणयुगातली वस्ती मिळाली. ताम्रपाषाणयुग म्हणजे माणूस तांबं वापरायला शिकला होता, पण दगडाची हत्यारं अजून सुटली नव्हती, तो काळ. लोखंड त्याला माहीत नव्हतं.

आम्ही नदीकाठी झाडाखाली बसलो. ताईने तोपर्यंत मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "मामा, ती मडकी तोंडाला तोंड लावून का ठेवली होती?"

याचं उत्तर मिळतं इनामगावला. इनामगाव शिरूर तालुक्यात, घोडच्या काठी आहे. पुण्यापासून पूर्वेला सुमारे ८०-८५ किलोमीटरवर. तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं डेक्कन कॉलेजची माणसं उन्हातान्हात खणत होती. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी आणि त्यांचे कितीतरी विद्यार्थी. खणत होती म्हणजे फावड्याने भराभर माती उपसत नव्हती बरं का! लहान कुदळी, सुऱ्या आणि ब्रश घेऊन, एकेक थर सोलत होती. इतक्या सावकाश, इतकी वर्षं, म्हणूनच एक अख्खं गाव आपल्याला कळलं.

हे गाव इ.स.पूर्व १६०० च्या सुमाराला वसलं आणि इ.स.पूर्व ७०० च्या सुमाराला उठलं. म्हणजे तिथे सुमारे नऊशे वर्षं माणसं राहिली. सव्वाशेहून अधिक घरांच्या खुणा मिळाल्या. मातीच्या भिंती, चुली, धान्य साठवायच्या कणग्यांच्या जागा. ते लोक जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवत. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळत आणि हरणांची शिकारही करत. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट खोदला होता, बांध घातला होता. तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाने ते नक्षी काढत. त्यातली काही भांडी इतकी छान भाजलेली आहेत, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात! अशी भांडी संगमनेरजवळ जोर्वे इथे पहिल्यांदा उत्खननात मिळाली, म्हणून या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात.

आणि घरांच्या जमिनीखाली होती माणसं. इनामगावात दोनशेहून अधिक दफनं मिळाली. त्यांत लहान मुलं फार होती. तेव्हा डॉक्टर नव्हते, लशी नव्हत्या. साध्या तापाने, जुलाबाने मुलं दगावत असतील. मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवत. मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडत आणि घराच्या जमिनीत खड्डा करून ती आडवी ठेवत. वर पुन्हा जमीन सारवून घेत.

"घरातच?" ताईने विचारलं.

"घरातच किंवा अंगणात. गावाबाहेर दूर नाही."

ताई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना त्याला लांब ठेवायचं नसेल."

मित्रांनो, त्या लोकांना लिहिता येत नव्हतं. असं का करायचं, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण ताईला वाटलं तसंच पुष्कळांना वाटतं. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या भोकांत धाग्याचे बारीकसे अंश टिकून राहिले होते. तज्ज्ञांनी ते तपासले, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम मिळालं. कुणीतरी ती माळ ओवली होती आणि मूल गेल्यावरही ती काढून घेतली नव्हती.

चार पायांचा रांजण

मोठ्या माणसांना मात्र खड्ड्यात उताणं निजवत. डोकं उत्तरेला. शेजारी वाडगा आणि तोटीचं भांडं ठेवत. त्यात बहुधा अन्न आणि पाणी असेल. आणि एक चमत्कारिक गोष्ट! त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली असत.

"बाप रे!" छोटू ओरडला. "का?"

"कदाचित मेलेला माणूस उठून चालत जाऊ नये, आपल्यातच राहावा, म्हणून. किंवा त्याने परत येऊन त्रास देऊ नये, म्हणूनही असेल."

पण एक दफन या सगळ्यांहून वेगळं निघालं. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर होतं. त्यालाच जोडून धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण मिळाला. रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. आणि त्याची पावलं शाबूत होती!

आता तुम्हीच विचार करा. सगळ्यांना निजवलं, याला बसवलं. सगळ्यांची पावलं तोडली, याची ठेवली. घर सगळ्यांत मोठं, कोठार शेजारी. यावरून अभ्यासकांना वाटतं, की हा गावाचा प्रमुख किंवा त्याच्या घराण्यातला कुणी असावा. धान्य कुणाकडे जमा करायचं, कुणाला किती द्यायचं, हे ठरवणारा. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी इथे सगळे सारखे नव्हते, कुणीतरी मोठं होतं, हे एका रांजणावरून कळलं.

पण थांबा. हाच रांजण कुणी खणून बाजारात नेऊन ठेवला असता तर? तर तो एक विचित्र रांजण म्हणून राहिला असता, बस्स. तो कुठल्या घराच्या अंगणात होता, कोठार कुठे होतं, शेजारच्या घरात काय होतं, यातलं काहीच कळलं नसतं. जमिनीतली वस्तू जागेवर असते तेव्हाच बोलते. जागेवरून हलली की मुकी होते.

आणि ही सगळी माणसं किती जुनी, ते कसं कळलं? त्यासाठी कोळसा कामाला येतो. झाड जिवंत असतं तोवर ते हवेतून एक प्रकारचा कार्बन घेत असतं. त्याला कार्बन-१४ म्हणतात. झाड तोडलं की घेणं बंद. मग आतला कार्बन-१४ ठरावीक वेगाने कमी होत जातो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. चुलीतल्या कोळशात किती उरलाय, हे प्रयोगशाळेत मोजलं की ते लाकूड किती जुनं, हे काढता येतं. अमेरिकेतल्या विलर्ड लिबी या शास्त्रज्ञाने ही युक्ती शोधली आणि त्याबद्दल त्याला १९६० चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण कोळसा दफनाच्याच थरातला आहे, हे माहीत हवं. पांढर गाडीत भरताना थर मिसळून गेले, तर नोबेलवाल्याचाही इलाज चालत नाही!

दगडांची वर्तुळं

"मामा, पण पुस्तकात तर डोंगरावर दगड रचून केलेली थडगी असतात," ताई म्हणाली. तिचंही बरोबर होतं. जगात पुष्कळ ठिकाणी लोकांनी आपल्या माणसांवर मोठे ढीग रचले, दुरून दिसावेत असे. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाचा असाच एक ढीग आहे, उंचवट्यावरचा. तो पाच हजार वर्षांहून जुना आहे. डिसेंबरात, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसांच्या सुमारास, उगवत्या सूर्याचे किरण एका अरुंद वाटेने थेट त्याच्या पोटातल्या खोलीत शिरतात.

आपल्या महाराष्ट्रातही असे ढीग आहेत, पण ते विदर्भात. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी या ठिकाणी मोठमोठे धोंडे गोल मांडून आत दगड-मातीचा ढीग केलेला असतो. जुनापाणीच्या वर्तुळांविषयी रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच लिहून ठेवलं. ही माणसं इनामगावनंतरची, लोखंड वापरणारी. त्यांनी आपल्या माणसांबरोबर कुऱ्हाडी, कट्यारी आणि माहुरझरीला तर चक्क घोडेही पुरले होते!

म्हणजे बघा, विदर्भातल्या लोकांनी आपली माणसं दगडांच्या वर्तुळात ठेवली. आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या लोकांनी ती चुलीशेजारी ठेवली. दुरून दिसावं, असं काहीच उभारलं नाही. म्हणून तर ती कुणाला दिसत नाहीत आणि पांढरीबरोबर गाडीत भरली जातात.

नुकसान केवढं, ते लक्षात येतंय ना? १९५० च्या आधी महाराष्ट्राचा इतिहास साधारणपणे मौर्य आणि सातवाहनांपासून सांगत. त्याआधी इथे शेती करणारी गावं कशी होती, ते ठाऊक नव्हतं. १९५०-५१ मध्ये जोर्व्याला उत्खनन झालं. मग नेवासा, चांडोली, सोनगाव, इनामगाव अशी एकेक पांढर बोलू लागली आणि आपला इतिहास हजारभर वर्षांनी मागे गेला. ज्या पांढरी आधीच शेतात पसरल्या गेल्या, त्या काय सांगणार होत्या, ते आता कधीच कळायचं नाही.

छोटूचं खापर

उठायची वेळ झाली. छोटूची एक मूठ मघापासून घट्ट मिटलेली होती. उघडायला लावली, तर आत तांबड्या मडक्याचा तुकडा. शेताच्या बांधावर सापडलेला. "मामा, हे तीन हजार वर्षांचं आहे ना? मी घरी नेणार. वर्गात दाखवणार."

मी खापर हातात घेतलं. नांगराने वर आलेलं, कडा झिजलेल्या. जुनं असेल, नाहीतर कुणाच्या पणजीच्या घागरीचं असेल. मी त्याला सांगितलं, की उत्खननात सापडलेल्या खापरांवर शाईने बारीक क्रमांक घालतात. कुठल्या खड्ड्यातलं, कुठल्या थरातलं, ते त्यावरून कळतं. तो क्रमांक म्हणजे खापराचा पत्ता. "हे तू घरी नेलंस तर याचा पत्ता काय राहील?"

छोटूने विचार केला. "छोटूचं दप्तर."

आम्ही हसलो. पण त्याला पटलं असावं. तो बांधावर गेला आणि जिथून उचललं होतं ती जागा शोधू लागला. ती काही चटकन सापडेना. "इथेच होतं बहुतेक," असं दोनदा म्हणाला. शेवटी एका दगडाशेजारी त्याने ते ठेवलं आणि जरा हिरमुसून परत आला. ताई म्हणाली, "बघितलंस? एका तासात तूच पत्ता विसरलास."

पुढच्या आठवड्यात मी दोघांना पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात नेलं. इनामगावच्या वस्तू तिथे पाहायला मिळतात. छोटू काचेला नाक लावून भांड्यांवर क्रमांक शोधत होता. ताई बराच वेळ एकाच जागी उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मामा, पुन्हा त्या फाट्यावरून गेलो तर त्या बाबांना भेटू या. त्यांना सांगायचं, की तुमची आई बरोबर म्हणाली होती."

जायचंय आम्हांला. तोवर तुम्हीही एक करा. तुमच्या गावाजवळ पांढर असेल, तर घरच्या मोठ्या माणसांना विचारा, की तिथून काय काय निघालं होतं. ऐकलेलं वहीत लिहून ठेवा, जागा नकाशात दाखवा. कधी मडकं, हाड, मणी दिसला, तर उकरू नका. फोटो काढा, गुरुजींना किंवा बाईंना सांगा, तहसील कचेरीत आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत मौल्यवान ठेवा सापडला तर सरकारला कळवलंच पाहिजे, असा कायदाही आपल्याकडे १८७८ पासून आहे.

आणि नरसिंहपूरला गेलात तर संगमावर थोडा वेळ बसा. डावीउजवीकडून येणारं ते पाणी फार जुन्या घरांच्या दारांवरून आलेलं आहे.